अँबियंट संगीताने जागा खरेच बदलते, की फक्त आपली मनःस्थिती?

ओसरी:

नमस्कार. आमच्या गावात कापसाच्या एका जुन्या गोदामाचे प्रदर्शन-दालन करण्यात आले आहे आणि त्याची व्यवस्था पाहणाऱ्या समितीत मी आहे. दालन १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच असून भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी आणि वर सपाट स्लॅब आहे. दिवाळीनंतर तेथे गावाच्या जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार आहे. आतापर्यंतचा अनुभव असा की लोक आत पाऊल टाकताच आवाज खाली आणतात, भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारतात आणि लगेच बाहेर पडतात. दालन अंगावर येते, असे अनेकांनी बोलून दाखवले आहे. त्यावर उपाय म्हणून मंद आवाजात बासरी लावून ठेवावी, असे समितीतील काही ज्येष्ठांचे मत आहे. मला ते पटत नाही. बासरी सुरू झाली की जाणकार राग ओळखण्यात गुंततो, इतरांना आपण एखाद्या हॉटेलात खोली मिळण्याची वाट पाहत बसलो आहोत असे वाटू लागते, आणि दोघांचेही छायाचित्रांकडे लक्ष राहत नाही.

म्हणून अलीकडे मी अँबियंट संगीत, म्हणजे मन लावून ऐकण्याऐवजी परिसराचा भाग होऊन मागे वाजत राहणारे संगीत, ऐकते आहे, विशेषतः ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांचा १९७८ सालचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा संच. रात्री हेडफोन लावून तो ऐकताना माझी लहानशी खोली मोठी झाल्यासारखी वाटते, याबद्दल मला शंका नाही. शंका पुढची आहे. हेडफोनवर ऐकताना खोलीचा त्या आवाजाशी काहीच संबंध येत नाही. मग मोठे होते ते नेमके काय? आणि तेच संगीत आमच्या दालनात स्पीकरवर लावले तर तेथेही तसेच घडेल, की भलतेच काही होईल?

असे संगीत जागेचा अनुभव बदलते असे जे म्हटले जाते, त्यात जागेचा भाग किती आणि मनःस्थितीचा किती, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा ज्यांना ध्वनिशास्त्राची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘शांत वाटते’, ‘प्रसन्न वाटते’ एवढ्याने आमच्या समितीचे समाधान होणार नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही होणार नाही.

कोरी टेप:

तुम्ही ज्या संचाचा उल्लेख केला आहे त्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो एका विशिष्ट प्रकारच्या जागेच्या अडचणीतून जन्मला आहे आणि ती अडचण तुमच्या दालनाच्या अडचणीहून फार निराळी नाही. सत्तरच्या दशकात कलोनच्या विमानतळावर बसले असताना ईनो यांच्या मनात आले की इमारत देखणी आहे, उजेड सुंदर आहे, पण तेथे वाजणारे संगीत मात्र त्या जागेचा काडीचाही विचार न करता लावलेले आहे. विमानतळासाठीच संगीत करायचे तर कोणती पथ्ये पाळावी लागतील, याचा त्यांनी मग विचार केला. घोषणेने ते मधेच तोडले गेले तरी बिघडता कामा नये. माणसे ज्या पट्टीत आणि ज्या गतीने बोलतात ती टाळून ते चालले पाहिजे, म्हणजे त्याच्यावर आवाज चढवून कोणाला बोलावे लागणार नाही. विमानतळाचे इतर आवाज त्याने पोटात घेतले पाहिजेत. शिवाय उड्डाणापूर्वी प्रवाशाच्या मनात मरणाचा विचार कोठेतरी असतोच, तो उसन्या आनंदीपणाने झाकू नये, हेही त्यांच्या मनात होते. यातले शेवटचे पथ्य सोडले तर बाकी सगळी जागेच्या वापराशी बांधलेली आहेत, आणि शेवटचेही त्या जागी माणूस कशासाठी आलेला असतो याच्याशीच निगडित आहे.

आता रचनेकडे पाहू. संचातील दुसरी रचना केवळ माणसांच्या आवाजांची आहे. एकेक दीर्घ स्वर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर घेऊन ती वेटोळी एकाच वेळी फिरत ठेवली आहेत. जर्मन ध्वनिमुद्रक कॉनी प्लांक यांच्या स्टुडिओत त्यांतले एक वेटोळे इतके लांब झाले की ते नळीच्या खुर्च्यांभोवती फिरवावे लागले. १९९६ मधील एका व्याख्यानात ईनो यांनी तीन वेटोळ्यांच्या आवर्तनांचा काळ साधारणपणे २३ १/२, २५ ७/८ आणि २९ १५/१६ सेकंद असा सांगितला होता. हे आकडे शब्दशः धरून लसावि काढला तर पहिली दोन वेटोळी पुन्हा एकाच क्षणी सुरू होण्यास सुमारे ८१ मिनिटे लागतात आणि तीनही जुळून येण्यास जवळपास २७ दिवस लागतात. रचना मात्र दहा मिनिटांच्या आत संपते.

याचा जागेशी संबंध कसा लागतो ते सांगतो. आपल्या तालबद्ध संगीतात श्रोता समेकडे डोळे लावून बसलेला असतो; आपण आवर्तनात कोठे आहोत हे त्याला कळत असते, आणि म्हणूनच मधे उठून जाणे त्याला अवघड वाटते. येथे सम नाही, मुखडा नाही, परतून येण्याची जागा नाही. दोन मिनिटे थांबलेल्याच्या वाट्याला काही अर्धवट येत नाही आणि तासभर थांबलेल्याला काही जास्तीचे कळत नाही. पुढे काय येणार याची वाट पाहणे काही वेळाने आपोआप सुटते, आणि त्या वाट पाहण्यात अडकलेले लक्ष मोकळे होऊन खिडकीकडे, छताकडे, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे वळते. जागा बदलते ती माझ्या मते या ठिकाणी. संगीत तिच्यात कशाची भर घालत नाही, ते आपले लक्ष तिच्या स्वाधीन करते. यालाच मनःस्थिती म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही, पण मग खिडकीतून येणाऱ्या उजेडालाही मनःस्थितीच म्हणावे लागेल.

हा संच ऐंशीच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरील मरीन एअर टर्मिनलमध्ये काही काळ प्रत्यक्ष वाजवलाही गेला. १९४० साली उघडलेले ते गोलाकार टर्मिनल तुमच्या दालनाहून पुष्कळ मोठे आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

घनमीटर:

कोरी टेप यांनी लक्षाबद्दल जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, परंतु ओसरी यांचा हेडफोनचा प्रश्न त्यातून सुटत नाही. हेडफोनवर मोठी होते ती खोली ध्वनिमुद्रणाच्या आत असते, असे त्याचे उत्तर आहे.

बंद जागेत निघालेला आवाज आधी थेट कानी पडतो, पाठोपाठ भिंती, छत आणि जमीन यांवरून परतलेले पहिले काही पडसाद येतात, आणि त्यांच्या मागून एकमेकांत मिसळून गेलेल्या असंख्य पडसादांचा निनाद हळूहळू विरत जातो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो; म्हणजे आपण वाजवलेली टाळी चार मीटरवरच्या भिंतीवरून परत येण्यास सुमारे २४ सहस्रांश सेकंद लागतात. इतक्या कमी अंतराने आलेला पडसाद आपल्याला वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजातच तो विरघळतो, पण भिंत जवळ आहे की दूर याची बातमी मेंदूला देऊन जातो. डोळे बांधून एखाद्याला न्हाणीघरात आणि मग देवळाच्या सभामंडपात नेले तर एका खोकल्यावरून तो फरक सांगेल. अँबियंट संगीताच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत हा निनाद स्टुडिओतच, पुष्कळ लांबवून, भरलेला असतो. हेडफोन लावले की तुमच्या खोलीचे स्वतःचे पडसाद कानापर्यंत पोहोचत नाहीत. ध्वनिमुद्रणातली खोली निर्विवादपणे ऐकू येते आणि डोळ्यांना दिसणाऱ्या भिंती मागे सरकल्यासारख्या वाटतात. स्पीकरवर लावले की मात्र खरी खोली मधे बोलू लागते.

तुमच्या बाबतीत ती किती बोलेल याचा हिशेब करता येतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे फॉग कला संग्रहालयातले एक व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तेथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि विद्यार्थ्यांना व्याख्यान कळत नसे. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या कमीअधिक मांडून पाहिल्या, प्रत्येक वेळी ऑर्गनची नळी वाजवून तिचा आवाज ऐकू येईनासा होण्यास लागणारा वेळ मोजला आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे. घनमीटरमधील घनफळाला ०.१६१ ने गुणायचे आणि सर्व पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जितका अंश गिळतो तो त्याचा शोषणांक) भागायचे. आवाज ६० डेसिबेलने उतरण्यास लागणारा काळ, म्हणजेच निनादकाळ, सेकंदांत मिळतो.

तुमच्या दालनाचे घनफळ ४३२ घनमीटर भरते आणि भिंती, छत व जमीन मिळून ३७२ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. गिलावा, दगडी फरशी आणि स्लॅब यांचा सरासरी शोषणांक ०.०४ धरला (मी थोडा सढळ हाताने धरला आहे) तर एकूण शोषण जेमतेम १५ चौरस मीटर होते आणि निनादकाळ येतो सुमारे ४.७ सेकंद. बोलणे स्पष्ट कळावे अशा खोलीत तो एका सेकंदाच्या आसपास लागतो. सॅबिन यांच्या सल्ल्याने बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला, त्यातही श्रोते बसलेले असताना तो दोन सेकंदांच्या आत असतो. लोक आत येताच आवाज का खाली आणतात, याचे कारण येथेच आहे. आपले प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक शब्द चार-पाच सेकंद सगळ्यांच्या मालकीचा होतो, हे त्यांना न सांगता कळते.

यातून दोन गोष्टी निघतात. तुमच्या दालनात एक साधा स्पीकर ठेवला तर त्याच्यापासून सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतच थेट आवाज वरचढ राहील. त्यापलीकडे सर्वत्र लोक संगीतापेक्षा दालनच अधिक ऐकतील. ज्या ध्वनिमुद्रणात आधीच पाच-सहा सेकंदांचा निनाद भरला आहे ते तेथे लावणे म्हणजे एका खोलीत दुसरी खोली उभी करणे, आणि त्या दोन्ही एकमेकींना पुसून टाकतील. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास शोषण करतो. वीस माणसे आत आली की निनादकाळ तीन सेकंदांच्या खाली येतो. सकाळी रिकामे असलेले दालन आणि रविवारी संध्याकाळी भरलेले दालन ही कानाच्या लेखी दोन वेगळी दालने आहेत. समिती सकाळी जाऊन आवाज ठरवील आणि प्रदर्शन संध्याकाळी भरेल, असे होऊ देऊ नका.

निनाद हा नेहमीच शत्रू असतो असे नाही. १९८८ मध्ये अमेरिकी संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतील फोर्ट वर्डन येथील जमिनीखालच्या एका रिकाम्या पाणीटाकीत वाद्ये घेऊन उतरले. तेथे निनाद सुमारे ४५ सेकंद टिकतो. वाजवलेला स्वर परत येऊन पुढच्या स्वराला भेटतो, त्यामुळे टाकी हीच वादकांची साथीदार झाली. परंतु ते तिचे ऐकून, तिच्या सवडीने वाजवत होते. तुमच्याकडे आधीच मुद्रित केलेली फाइल असणार, आणि तिला दालन ऐकू येत नाही.

माझा सल्ला: संगीताचा निर्णय थोडा पुढे ढकला. आधी सुमारे ४० चौरस मीटर जाड पडदे किंवा नमद्याचे फलक लावा. शोषणांक ०.५ धरला तरी रिकाम्या दालनाचा निनादकाळ दोन सेकंदांवर येईल.

दीडशहाणा:

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून पुष्कळ शिकायला मिळाले, तरीही एक मूळ प्रश्न कोणी विचारलेला नाही. जागेचा अनुभव बदलायचा तो कोणाच्या सोयीसाठी?

संगीताने माणसाचे जागेतले वागणे बदलता येते, हे दुकानदारांना आणि कारखानदारांना ईनो यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. अमेरिकी सैन्यातील जनरल जॉर्ज ओवेन स्क्वायर यांच्या तारेवरून संगीत पोहोचवण्याच्या उद्योगाला १९३४ मध्ये म्यूझॅक हे नाव मिळाले. पुढे या कंपनीने पंधरा-पंधरा मिनिटांचे असे गट तयार केले की ज्यांत एकामागून एक येणाऱ्या धुनांची उत्तेजकता हळूहळू वाढत जाई आणि नंतर तितकाच वेळ शांतता ठेवली जाई. कामगाराचा उत्साह ज्या सुमारास ओसरतो त्या सुमारास त्याला उचलून धरणे, हा उघड हेतू होता. रोनाल्ड मिलिमन यांचा १९८२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. एका सुपरमार्केटात मिनिटाला ७२ किंवा त्याहून कमी ठोक्यांचे संथ संगीत लावले असता गिऱ्हाइके ९४ किंवा अधिक ठोक्यांच्या संगीतापेक्षा सावकाश चालली आणि विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाली. ओसरी, तुमच्या समितीला पुरावा हवा असेल तर हा घ्या. लोक ‘लगेच बाहेर पडतात’ हे तुमचे दुखणे आणि त्या दुकानदाराचे दुखणे एकच आहे.

ईनो यांनी आपले संगीत म्यूझॅकच्या विरोधात उभे केले, हे खरे आहे. म्यूझॅक जागेतल्या खाचाखोचा बुजवते आणि आपले संगीत त्या उठून दिसू देते, अशी त्यांची भूमिका होती. भूमिका उत्तम आहे. मात्र आत आलेल्या माणसाला विचारल्यावाचून त्याच्या पावलांची गती ठरवणे दोन्हीकडे सारखेच आहे. येथे फ्रेंच संगीतकार एरिक साती आठवतात. १९२० मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात त्यांनी आणि त्यांचे सहकारी संगीतकार दार्युस मियो यांनी फर्निचरसारखे नुसते असणारे संगीत वाजवायला लावले. प्रेक्षक बोलणे थांबवून ऐकू लागले तेव्हा साती त्यांना ‘बोला, फिरा, ऐकू नका’ असे विनवत फिरत होते. लोकांना मोकळे ठेवण्यासाठी केलेल्या संगीतातही हुकूम शिरतो तो असा.

मला पटलेले एकच उदाहरण सांगतो. ध्वनिकलावंत मॅक्स न्यूहाउस यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील पादचाऱ्यांच्या एका त्रिकोणी बेटावर, भुयारी रेल्वेच्या लोखंडी जाळीखाली, घंटेच्या लांबत जाणाऱ्या नादासारखा एक अखंड आवाज बसवला. तो १९९२ पर्यंत होता आणि २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेथे पाटी नाही, कलावंताचे नाव नाही. ज्याला तो ऐकू येतो तो थबकतो, बाकीचे रस्ता ओलांडतात. तुमच्या दालनात असे काही करता येत नसेल तर पडदे लावा आणि शांतता राहू द्या. जुन्या छायाचित्रांपुढे उभी राहिलेली माणसे ‘हा आमचा वाडा’, ‘ही आमची आजी’ असे बोलू लागली तर त्याहून चांगले संगीत त्या दालनाला मिळणार नाही.

ओसरी:

सर्वांची मनापासून आभारी आहे. पडद्यांचा खर्च समितीपुढे मांडता येईल, कारण आता हातात आकडा आहे. दीडशहाणा यांचा आक्षेप मला गंभीर वाटतो, परंतु दुकानदाराशी केलेली तुलना पूर्णपणे मान्य नाही. लोकांनी थांबावे अशी माझी इच्छा आहे हे खरे, पण आत्ता त्यांना बाहेर काढते आहे ते दालनच. म्हणजे त्यांची गती कोणीतरी आधीच ठरवलेली आहे, फक्त ती भिंतींनी ठरवली आहे.

एक तपशील आधी द्यायचा राहिला होता. दालनात छताचे जुने पंखे आणि चोकच्या ट्यूबलाइट आहेत, आणि त्या दोहोंची गुणगुण सतत ऐकू येते. उकाड्यामुळे पंखे बंद ठेवता येणार नाहीत. ‘शांतता राहू द्या’ असे म्हणताना ती शांतता कोणती धरायची?

जवारी:

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्यामुळे चोक आणि पंख्याचे रेग्युलेटर यांची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झची आणि तिच्या पटीतील वरच्या स्वरांची असते. पेटीच्या भाषेत सांगायचे तर १०० हर्ट्झ हा स्वर खालच्या सप्तकातील पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे, पांढरी पाचच्या थोडा जवळ पडतो. तुमच्या दालनात एक षड्ज अहोरात्र लागलेलाच आहे. त्यावर काळी एकमधली एखादी तयार ध्वनिफीत लावली तर ती दिवसभर त्या गुणगुणीशी भांडत राहील आणि कोणालाही कारण न कळता दालन आणखी अंगावर येईल. जे काही लावाल त्याचा आधारस्वर आधी गुणगुणीशी जुळवून घ्या. आज संगणकावर स्वर खाली-वर सरकवणे कठीण नाही.

माझे लहानपण मिरजेत तंबोऱ्याच्या कारखान्यांच्या आसपास गेले, त्यामुळे या विषयाकडे मी थोडे वेगळ्या बाजूने पाहतो. मैफलीत तंबोरा कोणी ‘ऐकत’ नाही, तरी तो थांबला तर बैठकीतल्या प्रत्येकाला कळते. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या दोऱ्याने जवारी खुलते, एका तारेतून वरच्या स्वरांचा पंखा उलगडतो, आणि गवयाने तोंड उघडण्यापूर्वीच त्या खोलीला एक पातळी मिळते. पश्चिमेकडच्या या संगीतात त्या परंपरेचा एक धागा थेट गेला आहे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ, म्हणजे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, मेरियन झझीला व टेरी रायली हे अमेरिकी कलावंत त्यांचे शिष्य झाले. (त्याच घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते, हे येथील वाचकांना सांगायला नको.) यंग आणि झझीला यांचे ‘ड्रीम हाउस’ १९९३ पासून न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर आहे. जांभळट गुलाबी उजेडातल्या त्या खोलीत अखंड, न बदलणारे शुद्ध विद्युत-स्वर चालू असतात. न बदलणारे म्हटले खरे, पण श्रोता एक पाऊल पुढे गेला किंवा त्याने नुसती मान कलती केली तरी त्याला वेगळे स्वर ऐकू येतात.

यामागे गूढ काही नाही. भिंतींवरून परतलेल्या लहरी थेट लहरींत मिसळून खोलीत काही ठिकाणी आवाज वाढतो आणि काही ठिकाणी तो जवळजवळ नाहीसा होतो. अशा दोन जागांमधील अंतर तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढे असते. १०० हर्ट्झला ते सुमारे ८५ सेंटिमीटर येते, १००० हर्ट्झला साडेआठ. म्हणून तेथे मान वळवली तरी फरक पडतो. ओसरी यांचा मूळ प्रश्न जागेचा की मनःस्थितीचा असा होता. या खोलीत तरी उत्तर निःसंशय जागेचे आहे, कारण माणूस हलला नाही तर काहीच बदलत नाही आणि तो हलला तर खोलीची मापेच त्याला ऐकू येतात. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की तुमच्या टणक भिंतींच्या दालनात शुद्ध, सपाट विद्युत-स्वरांचे संगीत लावू नये. एका छायाचित्रापुढे ते कानठळ्या बसवील आणि त्याच्या शेजारच्या छायाचित्रापुढे गायब होईल. वरच्या स्वरांनी समृद्ध असलेला, किंचित हलता आवाज अशा खड्ड्यांवरून सहज निघून जातो. तंबोऱ्याचा आवाज तसा असतो.

कोरी टेप:

जवारी यांच्या म्हणण्याला जोडून एक उदाहरण देतो, कारण तुमच्यासारख्या छोट्या दालनासाठी विमानतळापेक्षा ते अधिक उपयोगी आहे. टोकियोच्या शिनागावा भागात १९३८ साली बांधलेल्या एका खासगी घरात १९७९ मध्ये हारा संग्रहालय सुरू झाले. जपानी संगीतकार हिरोशी योशिमुरा यांना ती इमारत फार आवडली आणि १९८२ मध्ये त्यांनी ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ या नावाने नऊ लहान रचना केल्या. वाद्य म्हणजे केवळ विजेवर चालणारा पियानो आणि एखादा कीबोर्ड. त्या संग्रहालयात वाजू लागल्यावर येणारे लोक हे काय आहे, कोठे मिळेल अशी चौकशी करू लागले, आणि मग संगीतकार सातोशी आशिकावा यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या मालिकेतला पहिला संच म्हणून त्या प्रसिद्ध झाल्या. रचना अगदी साध्या आहेत. एखादा स्वरसमूह येतो, किंचित बदलून परत येतो, आणि दोन स्वरांच्या मधे भरपूर जागा सोडलेली असते. आपल्याभोवती आधीच आवाजांची गर्दी झाली आहे, तेव्हा संगीताने तीत भर घालण्यापूर्वी विचार करावा, असा आशिकावा यांचा आग्रह होता. ते १९८३ मध्येच गेले. हारा संग्रहालयाची ती इमारतही २०२१ च्या आरंभी बंद झाली, त्यामुळे ते संगीत त्या खिडक्यांजवळ उभे राहून ऐकणे आता शक्य नाही. आपण सगळे ते घरी ऐकतो, आणि तरीही त्यात खिडक्या दिसतात. घनमीटर यांनी याचेही सूत्र द्यावे.

दीडशहाणा यांच्या आक्षेपावर मला एक मार्ग सुचतो. संपूर्ण दालनात आवाज न भरता फक्त दाराजवळच्या पहिल्या दोन-तीन मीटरांत तो ठेवावा. बाहेरच्या उन्हातून आणि रहदारीतून आलेला माणूस तेथे क्षणभर सावरेल आणि पुढे छायाचित्रांजवळ शांततेत जाईल.

घनमीटर:

खिडक्यांचे सूत्र माझ्याजवळ नाही. दाराचे मात्र आहे, आणि ते कोरी टेप यांच्या विरुद्ध जाते. पडदे लावून निनादकाळ दोन सेकंदांवर आणला तरी साध्या स्पीकरपासून ८०-८५ सेंटिमीटरच्या पलीकडे निनादच वरचढ राहील, म्हणजे दाराच्या आत लावलेला आवाज थोडा मंद होऊन शेवटच्या छायाचित्रापर्यंत पोहोचेलच. अशा दालनात एक कोपरा वाजता आणि दुसरा शांत ठेवता येत नाही. तोच परिणाम हवा असेल तर स्पीकर दाराच्या बाहेर, पडवीत किंवा पायरीवरच्या छपराखाली लावा. मोकळ्यावर निनाद नसतो, आवाज अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, आणि ऐकायचे की नाही हे पायरीवर थांबणाऱ्याच्या हाती राहते. दीडशहाणा यांचीही त्याला हरकत नसावी. योशिमुरा यांच्यासारखे, दोन स्वरांत जागा सोडणारे संगीत तेथे चालेल. ईनो यांचा संच तेथे लावला तर त्यातला लांब निनादही निर्वेधपणे ऐकू येईल, कारण त्याच्याशी झगडणारी खोली तेथे नसेल.

दालनाच्या आत काही लावायचेच ठरले तर एका मोठ्या स्पीकरऐवजी चार-सहा लहान स्पीकर उंचावर, भिंतीकडे तोंड करून बसवा, म्हणजे आवाज कोठून येतो याचा माग लागणार नाही. पातळी पंख्याच्या घरघरीच्या किंचित वर ठेवा. ती त्याहून खाली गेली तर संगीत बुडते आणि बरीच वर गेली तर लोक त्याच्यावर आवाज चढवून बोलू लागतात. चोकच्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी बसवल्या तर जवारी यांनी सांगितलेला षड्ज बराचसा उतरेल आणि विजेचे बिलही. मात्र तसे केल्यास आधारस्वर त्यानंतर ठरवा, आधी नव्हे.

यातले काही खरेदी करण्यापूर्वी एक मोजणी करून घ्या. दालन रिकामे असताना पंखे बंद करून एका कोपऱ्याजवळ मोठा फुगा फोडा आणि समोरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या मोबाइलवर तो आवाज मुद्रित करा. नंतर हीच कृती पंखे चालू ठेवून आणि शक्य झाल्यास वीसेक माणसे आत उभी करून पुन्हा करा. मोबाइलमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असेल तर ती बंद ठेवा, नाहीतर निनादाचा उतार खोटा येईल. तिन्ही फायली येथे दिल्यात तर त्यांचे आलेख काढून मी माझा ०.०४ चा अंदाज कितपत जुळतो ते सांगतो.